उंबरठ्याच्या आतली कुंडी

थंडी पडली की माझी आई म्हणायची, "थंडी पडनी, आते तुले काय काम शे?" तिचे सारे आयुष्य नंदुरबारच्या मिरची पथारीवर गेले. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात ओली लाल मिरची वाळत पसरायची, फिरवायची, देठ काढायचे, हे तिचे हिवाळ्याचे काम. डोळ्यांची आग, नाकाला पदर आणि रात्रभर खोकला. त्यामुळे झाडांना पाणी घालणारा माणूस हिवाळ्यात काय करतो, असे तिला वाटे. ऊन नाही, झाड सुकत नाही, गवत वाढत नाही. मग माळ्याला सुट्टीच की!

आई आज नाही. पण हा प्रश्न मला अजूनही पुष्कळ लोक विचारतात. म्हणून बंधू-भगिनींनो, माळ्याच्या हिवाळ्याविषयी दोन शब्द लिहीत आहे. त्यात एक गोष्ट अशी आहे, की ती झाडांची असली तरी केवळ झाडांची नाही.

आधी एक खुलासा. मी कामाने माळी, धम्माने बौद्ध. नव्या ओळखीच्या माणसाला मी "बागकाम करतो" म्हटले, की तो "म्हणजे तुम्ही माळी समाजाचे का?" असे विचारतो. मी "नाही" म्हणतो, आणि तो पुढचा प्रश्न तोंडातल्या तोंडात गिळतो. असो.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब लोक आले, त्यांच्यासाठी वसाहती उभ्या राहिल्या. घरापुढे हिरवळ आणि घरात कुंड्या ठेवण्याची रीत आमच्या गावात वाढली ती त्यानंतर. मी पुढच्याच वर्षी एका रोपवाटिकेत पाटीखाली डोके घातले आणि पिशव्या भरता भरता काम शिकलो. आज सकाळी चार-पाच बंगल्यांच्या बागा आणि संध्याकाळी आपल्या विहाराचे अंगण, असा माझा दिवस असतो.

आमच्या जिल्ह्याचा उन्हाळा सर्वांना ठाऊक आहे. थंडी तितकीशी ठाऊक नाही. वर सातपुड्यात, तोरणमाळ आणि डाबच्या पठारावर, काही वर्षी पहाटेचे दव गोठून गवतावर पांढरा थर दिसतो. तोच गारठा रात्री खाली उतरतो. शहादा-तळोद्याकडचा पपईवाला शेतकरी अशा रात्री बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतो, बागेला हलके पाणी देतो. ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री झाडाला देते. मीही तेच करतो. कडाक्याची रात्र दिसली तर संध्याकाळी वाफ्यांना थोडे पाणी, लहान रोपांवर जुने पोते किंवा साडी, आणि ऊन वर आले की ती काढून घ्यायची. एरवी हिवाळ्यात पाणी सकाळीच.

बाहेरच्या झाडांचे हिवाळ्याचे वेळापत्रक खरे तर पावसाळ्यातच सुरू होते. गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. छाटल्यापासून साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी फुले येतात. मी विहारातले गुलाब वीस ऑक्टोबरच्या आसपास छाटतो. बोटे मोजून पाहा, फुले सहा डिसेंबरला मिळतात. मोगऱ्याचे उलट. त्याचे पाणी डिसेंबरात तोडायचे. तो उपाशी दिसतो, पाने पिवळी पडतात, घरमालक रागावतात. पण ही विश्रांती मिळाली, नंतर छाटून खत-पाणी दिले, की उन्हाळ्याच्या तोंडाशी तो पांढराशुभ्र फुलतो. थंडीत गुलाबाच्या आणि शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. त्याला महागडे औषध लागत नाही. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळून एक लिटर करावी, चिमूटभर साबण घालून पानांच्या खालून फवारावी.

शेवंतीने मात्र मला एकदा चांगलाच धडा शिकवला. महापरिनिर्वाण दिनाला बाजारातून हार आणण्यापेक्षा विहाराच्या अंगणात पिकवलेली फुले बाबासाहेबांच्या प्रतिमेला वाहावीत, असे आम्ही वस्तीतल्या मंडळींनी ठरवले. जुलैत मी शेवंतीच्या फुटव्यांच्या दोन ओळी लावल्या, एक दारासमोर आणि एक मागच्या भिंतीआड. माती तीच, खत तेच, पाणी तेच. डिसेंबर उजाडला. भिंतीआडची ओळ पिवळ्या फुलांनी भरली आणि दारासमोरच्या ओळीत नुसता पाला! मी तिला जास्त खत घातले, जास्त पाणी घातले. पाला आणखी माजला. सहा तारखेला अर्धीच परडी भरली. वस्तीतली बाया-माणसे काही बोलली नाहीत, पण मला खाली मान घालावी लागली.

कारण माझ्या मुलीने शोधले. ती तेव्हा अकरावीत विज्ञान शाखेला होती. ती म्हणाली, "बाबा, शेवंतीला रात्र मोठी झालेली कळते, तेव्हाच ती कळी धरते. तुमच्या ओळीला रात्र होतच नाही." वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनासाठी आम्हीच दारावर मोठा दिवा लावला होता आणि तो रात्रभर तसाच जळत होता. मी त्या ओळीकडे रोज पाहत होतो, पण दिवसाच. रात्री एकदाही जाऊन पाहिले नव्हते. पुढच्या वर्षी वाचन संपले की दिवा बंद करायचे ठरले आणि दोन्ही ओळी फुलल्या.

तेव्हापासून मी एक नियम धरला. झाड जिथे उभे आहे तिथे, आणि ज्या वेळी त्याला त्रास आहे त्या वेळी, जाऊन पाहिल्याशिवाय त्याला काही द्यायचे नाही.

हा नियम बाहेरच्या झाडांना लावणे सोपे होते. घरातल्या झाडांना लावायची वेळ आली तेव्हा माझी परीक्षा झाली.

मी एका बंगल्यावर दहा वर्षे काम करत होतो. माणसे वाईट नव्हती. पैसे वेळेवर देत, दिवाळीला मिठाईचा पुडा देत. पण मी बागेतला माणूस होतो. फाटक, हिरवळ, नळ आणि मागची पायरी एवढे माझे राज्य. पाणी प्यायचे तर बागेच्या नळावर. घरात मनीप्लँट होता, अरेका पाम, रबर, क्रोटन, डिफनबेकिया अशा आठ-दहा कुंड्या होत्या. पंधरा दिवसांतून एकदा कामवाली बाई त्या मागच्या पायरीवर आणून ठेवी. मी पाने पुसून, माती हलवून द्यायचो आणि ती परत आत नेई. उंबरठा ओलांडू नको असे मला कोणी कधी म्हटले नाही. मला कोणी आत ये असेही म्हटले नाही. दहा वर्षे!

त्या हिवाळ्यात कुंड्या पायरीवर आल्या त्या मरायला टेकलेल्या. क्रोटनची पाने गळालेली, रबराची पिवळी, मनीप्लँटचा देठ बुडाशी काळा आणि मऊ. बाईसाहेब म्हणाल्या, "माळीदादा, रोज पाणी घालतो तरी वाळतायत. खत घाला काहीतरी."

मी माती हुंगली. आंबूस वास आला. मुळे कुजली होती. थंडीत घरातले झाड जवळजवळ झोपलेले असते. ऊन कमी, वाढ कमी, म्हणून पाणी पिणेही कमी. त्याला उन्हाळ्याइतके पाणी दिले तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. वरून पाने कोमेजतात, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. तहानेने नव्हे, पाण्यानेच झाड मरते. पण हे झाले अर्धे निदान. कुंडी कोणत्या खिडकीशी आहे, खाली बशी आहे का, गार वारा लागतो का, हे पायरीवर बसून मला कसे कळावे?

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बाईसाहेब, मला आत येऊन ही जिथे ठेवता ती जागा पाहावी लागेल."

त्या थबकल्या. म्हणाल्या, "जागा मी सांगते ना."

मी म्हणालो, "पाहिल्याशिवाय मी खत घालणार नाही. घातले तर उरलेलीही जातील, आणि दोष माझ्या हाताला येईल. आत येऊ द्यायचे नसेल तर आजपासून घरातल्या कुंड्या माझ्याकडे नकोत."

आवाज चढवला नव्हता, पण पाय थरथरत होते. त्या बंगल्याच्या पैशांवर आमचा निम्मा किराणा येत असे. त्या काही न बोलता आत गेल्या. चार दिवस कोणी काही बोलले नाही. मी हिरवळ केली, गुलाबाचे वाळके तोडले आणि घरी आलो. बायकोला सांगितले, "एक घर कदाचित सुटेल." ती म्हणाली, "सुटू द्या."

पाचव्या दिवशी त्या घरच्या सूनबाईंनी मागचे दार उघडले आणि म्हणाल्या, "दादा, या आत." मी चपला काढल्या आणि गेलो. सगळ्या कुंड्या दिवाणखान्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, जाड पडद्याआड, खाली चिनी मातीच्या बशा आणि बशांत बोटभर पाणी. पाच मिनिटांचे काम होते. बशा रिकाम्या केल्या. पूर्वेच्या खिडकीशी, काचेला पाने टेकणार नाहीत अशा बेताने कुंड्या मांडल्या. सूनबाईंना दाखवले, बोट दोन पेरे मातीत घालायचे, कोरडे लागले तरच पाणी, तेही सकाळी. मार्चपर्यंत खत नाही. पाने ओल्या फडक्याने पुसायची, धुळीने त्यांना उजेड मिळत नाही. घरात लहान मूल होते, म्हणून डिफनबेकिया उंचावर ठेवायला सांगितला; त्याचा चीक तोंडात गेला तर जीभ सुजते. मनीप्लँटचे शेंड्याकडचे निरोगी तुकडे कापून पाण्यात लावले. क्रोटन गेला, रबर वाचला.

त्यानंतर दर रविवारी मी त्या घरात जात आलो. पहिल्यांदा चहा वेगळ्या स्टीलच्या पेल्यात आला, पुढे घरच्या कपात येऊ लागला. कप बदलला म्हणून जात गेली असे मी म्हणत नाही. अस्पृश्यता तर १९५० सालीच राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने नष्ट झाली आहे. पण कायदा मागच्या पायरीपर्यंत आला होता, उंबरठा मला ओलांडायचा होता.

घरी हे सांगितले तेव्हा मुलगी खूश होईल असे वाटले होते. तिने एवढेच विचारले, "बाबा, हे तुम्ही दहा वर्षे आधी का नाही बोललात?"

मला उत्तर देता आले नाही. मी भीतीवर बोट ठेवले असते, पण भीती तर त्या दिवशीही होती. खरे असे की मला पायरीची सवय झाली होती. त्या दिवशी बोलू शकलो, कारण मला मुळांविषयी खात्रीने ठाऊक होते. बाबासाहेब आपल्याला शिका म्हणत आले, तेव्हा मी शिकणे म्हणजे शाळेचे शिकणे समजत होतो. हातातल्या कामाचे पक्के ज्ञान हेही शिक्षणच आहे, आणि तेही माणसाला मान वर करून बोलायला लावते, हे मला त्या आंबूस मातीने कळले.

थेरगाथेत सुनीत थेरांच्या गाथा आहेत. आपण हीन कुळात जन्मलो आणि वाळलेली फुले उचलून टाकण्याचे काम करीत होतो, असे ते त्यात सांगतात. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी त्यांची कथा दिली आहे. राजगृहाच्या रस्त्यावर सुनीत कचरा गोळा करीत होता. भिक्खूंसह तथागत येताना दिसले. लपायला जागा नव्हती, म्हणून तो हात जोडून भिंतीला चिकटून उभा राहिला. तथागत दुसऱ्या बाजूने निघून गेले नाहीत. तो उभा होता तिथे त्याच्याजवळ आले, त्याच्याशी बोलले आणि त्याला संघात घेतले. वाळकी फुले मीही रोज उचलतो. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो, पण ती माझ्या कामाची आहे हे मला फार उशिरा समजले.

आपल्या घरांना दिवाणखाने नसतील, पण खिडकी असते. तेलाचा रिकामा डबा घ्या, बुडाला खिळ्याने चार भोके पाडा, माती-शेणखत भरा आणि मनीप्लँटचा एक तुकडा लावा. अंगण असेल तर पुढच्या पावसात शेवंतीचे फुटवे विहारातून घेऊन जा. दाराचा दिवा तेवढा रात्री मालवा. पाला जाळू नका, खड्ड्यात कुजवा. आणि हिवाळा सरता सरता विहारातला बोधिवृक्ष पाने टाकू लागला तर झाड वाळले म्हणून घाबरू नका. थोड्या दिवसांत त्याला तांबूस पालवी फुटते.

मुलगी आता नोकरीला लागली आहे. थंडीत कधी घरी आली की विहारातल्या कुंड्या पाहायला येते. आल्या आल्या बोट मातीत घालते आणि म्हणते, "बाबा, आज पाणी नको." मी झारी खाली ठेवतो.

जयभीम!