धबधब्याच्या गावातले जुने पिस्तूल

गेल्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच देशाबाहेर पाऊल टाकले. माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त सात वर्षांपासून स्वित्झर्लंडमध्ये राहतो. "आपा, एकदा तरी ये," असा त्याचा दर वर्षीचा आग्रह. या वेळी अम्मीनेही जोर लावला आणि मी चिपळूणहून निघाले.

भावाचे घर नॉयहाउझेन या गावी आहे. झुरिचहून रेल्वेने आपण तिथे पोहोचतो. गावाचे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसले, तरी तिथला धबधबा सहलीला जाणाऱ्यांना चांगला माहीत आहे. ऱ्हाइन नदी इथे 150 मीटर रुंदीच्या कड्यावरून 23 मीटर खाली कोसळते. उंची आपल्या सह्याद्रीतल्या धबधब्यांपुढे काहीच नाही. पण पाणी मात्र अफाट. मे-जूनमध्ये आल्प्सचे बर्फ वितळते तेव्हा सेकंदाला सहाशे घनमीटरच्या आसपास पाणी खाली येते. मी कोकणातली, पाण्याचा आवाज मला नवा नाही. तरीही काठावर उभी राहिले तेव्हा तोंडून "सुब्हानल्लाह" निघालेच.

धबधब्याच्या वर जुन्या कारखान्याच्या इमारती दिसतात. भाऊ म्हणाला, "हा सिगचा कारखाना. इथेच पिस्तुले बनायची." 1853 साली तिघा जणांनी इथे रेल्वेचे डबे बनवण्याचा कारखाना काढला. पुढे सैन्यासाठी बंदुका बनवण्याचे कंत्राट मिळाले आणि कंपनीचा रंगच बदलला. गंमत अशी की आज सिग हे नाव घेतले की लोकांना आठवतात दूध आणि फळांचा रस भरायचे कागदी खोके. शस्त्रांचा धंदा कंपनीने 2000 साली विकून टाकला. माझा भाचा हातातला रस संपवत होता. त्याने खोके उलटे करून तळाशी छापलेली ती तीन अक्षरे मला दाखवली.

पिस्तुलाशी माझा संबंध एवढाच राहील असे मला वाटले होते. पण भावाच्या शेजारी एक आजोबा राहतात. रेल्वेतून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तरीच्या पुढे. पहिल्याच आठवड्यात भावजयीने त्यांना बिर्याणी नेऊन दिली, आणि परतफेड म्हणून त्यांनी आम्हाला कॉफीला बोलावले. त्यांच्या घरात भिंतीत बसवलेली लोखंडी तिजोरी होती. भाऊ म्हणाला, "आपा शाळेत शिकवते, तिला इतिहासाची आवड आहे." झाले! आजोबांनी किल्ली आणली.

तिजोरीत तीन शस्त्रे होती. पहिले 1882 सालच्या नमुन्याचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर. दुसरे 1949 मध्ये सैन्याने स्वीकारलेले पिस्तूल, याच गावच्या कारखान्यात बनलेले. आणि तिसरे, ज्याला हात लावताना आजोबांचा आवाज हळू झाला, ते त्यांच्या वडिलांचे. हा पॅराबेलमचा 1929 सालचा सुधारलेला नमुना. गेओर्ग लुगर यांनी घडवलेल्या या पिस्तुलाला आपण जर्मन पिस्तूल म्हणून ओळखतो. सिनेमातल्या प्रत्येक जर्मन अधिकाऱ्याच्या हातात ते असतेच. परंतु ते सर्वांत आधी स्वीकारले स्वित्झर्लंडच्या सैन्याने, 1900 साली. जर्मन नौदलाने ते 1904 मध्ये आणि जर्मन भूदलाने 1908 मध्ये घेतले. सुरुवातीला पिस्तुले बर्लिनहून येत. पहिल्या महायुद्धात तो पुरवठा बंद पडला, तेव्हा बर्नच्या सरकारी कारखान्याने ती स्वतः बनवायला घेतली.

जुनी शस्त्रे जमवणारे लोक नेमके काय पाहतात, हे मला त्या दिवशी कळले. चकाकी नाही, किंमतही नाही. ते आकडे पाहतात. पिस्तुलाच्या निरनिराळ्या भागांवर कोरलेला क्रमांक एकच आहे ना? म्हणजे मधे कुणी भाग बदललेला नाही. चामड्याच्या म्यानावर शिवणाऱ्या कारागिराचे नाव आणि साल आहे ना? वडिलांच्या पिस्तुलावर एक छोटेसे 'पी' अक्षर ठोकलेले होते. सैनिकाची सेवा संपून शस्त्र त्याच्या खाजगी मालकीचे झाले की हे अक्षर उमटवतात. मला आमच्या शाळेचे जनरल रजिस्टर आठवले. नाव, क्रमांक, दाखल तारीख, सोडल्याची तारीख. शस्त्राचाही दाखला असतो तर!

आजोबांचे वडील 1939 ते 1945 या काळात सरहद्दीवर पहाऱ्याला होते. हा भाग ऱ्हाइनच्या उत्तरेला, जवळजवळ तिन्ही बाजूंनी जर्मनीने वेढलेला. 1 एप्रिल 1944 रोजी शेजारच्या शाफहाउझेन शहरावर अमेरिकन विमानांनी चुकून बाँब टाकले आणि चाळीस माणसे मेली. देश युद्धात नव्हता, तरी मरण आलेच. आजोबा म्हणाले, "माझ्या वडिलांनी या पिस्तुलातून कागदाशिवाय दुसऱ्या कशावर गोळी झाडली नाही. मला याचाच अभिमान आहे."

शनिवारी ते आम्हाला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेले. मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला तिथे देशभर फेल्डशीसेन नावाचा नेमबाजीचा मेळा भरतो. लाखाहून अधिक लोक भाग घेतात. त्याचा सराव चालू होता. कागदी लक्ष्य 25 मीटरवर. याच अंतरावरच्या पिस्तूल स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले होते, हे मी सांगितले तेव्हा आजोबांनी टोपी काढून दाद दिली.

मला सर्वांत जास्त काही आवडले असेल तर त्यांची शिस्त. घरून निघताना पिस्तूल रिकामे आणि गोळ्या वेगळ्या. कायदाच तसा आहे. मैदानावर पिस्तूल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक वेळी मॅगझिन काढायचे, वरचा भाग उघडा करायचा, आत गोळी नाही हे देणाऱ्याने पाहायचे आणि घेणाऱ्यानेही पाहायचे. आजोबांनी अर्ध्या मिनिटापूर्वी पाहिलेले पिस्तूल पुन्हा पाहिले. मला एकदम आठवले, नंगी तलवार एकमेकांच्या हातात देऊ नका, असे पैगंबर (स.) यांनी बजावल्याचे हदीसमध्ये आले आहे. थट्टेतही शस्त्र कुणावर रोखू नये, हीसुद्धा आपल्याला मिळालेली शिकवण. मी हे भावाकरवी आजोबांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग तुम्हाला नियम आधीच ठाऊक आहेत. या."

स्कार्फवरून कानांना जाड आवरण लावले, डोळ्यांना चष्मा. पिस्तूल जेमतेम नऊशे ग्रॅमचे, पण हात पुढे धरला की जड होत जाते. चाप हळू ओढला. आवाज झाला, पिस्तुलाच्या पाठीवरचा सांधा कोपरासारखा वर दुमडला आणि रिकामी पुंगळी डोक्यावरून उडाली. पाच गोळ्यांपैकी तीन कागदाला लागल्या. खरे सांगते, मला आनंद झाला. सव्वीस वर्षांपूर्वी खो-खोत पहिला गडी बाद केला होता, तसा.

तेवढ्यात भावाने मोबाइल वर केला. "आपा, इकडे बघ!"

मी पिस्तूल खाली ठेवले आणि म्हणाले, "फोटो नको."

"अगं, इथे कोण बघतंय?"

"इथे नाही रे. तिथे."

भावाला कळले. त्याचा चेहरा उतरला आणि त्याने मोबाइल खिशात टाकला. स्कार्फ बांधलेली एक शिक्षिका आणि तिच्या हातात पिस्तूल. हा फोटो एका मोबाइलवरून दुसऱ्यावर गेला तर त्याखाली कोण काय लिहील, हे सांगता येत नाही. तिथे 25 मीटरवरचा कागद दिसणार नाही, आजोबा दिसणार नाहीत. माझी नोकरी आहे, माझ्या शाळेत सर्व धर्मांची मुले शिकतात, त्यांचे आईबाप माझ्यावर विश्वास ठेवतात.

आजोबांना वाटले, मला नेमबाजी आवडली नाही. भावाने त्यांना कारण सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी लक्ष्याचा कागद काढून आणला, त्यावर तारीख लिहिली, पाचपैकी तीन असे लिहिले आणि माझ्या हाती दिला.

त्या देशात सगळे गोड आहे असे मात्र कुणी समजू नये. 27 सप्टेंबर 2001 रोजी त्सूग इथल्या विधानसभागृहात एका माणसाने चौदा जणांना गोळ्या घालून मारले. घराघरांतल्या सैनिकी शस्त्रांनी होणाऱ्या आत्महत्यांवरूनही तिथे खूप वाद झाले. सैनिकांनी घरी गोळ्या ठेवण्याची जुनी पद्धत 2007 नंतर बंद झाली. 2011 मध्ये शस्त्रे घरी ठेवण्याच्या विरोधात सार्वमत झाले, ते 56 टक्के लोकांनी फेटाळले. 2019 मध्ये कडक नियमांच्या बाजूने 63 टक्क्यांहून अधिक मते पडली. पिस्तूल विकत घ्यायचे तर प्रांताचा परवाना लागतो आणि माणसाची चौकशी होते.

आणखी एक गोष्ट. पुढच्या शुक्रवारी भावासोबत नमाजला गेले. तिथले बहुतेक नमाजी बोस्निया, कोसोव्हो, तुर्कस्तानचे. एक बसचालक भेटले, मूळचे कोसोव्होचे, पासपोर्ट अजून तिकडचाच. बोलता बोलता नेमबाजीचा विषय निघाला. या तिन्ही देशांच्या, तसेच श्रीलंका, अल्बानिया अशा आणखी काही देशांच्या नागरिकांना तिथे खास परवानगीशिवाय नेमबाजी करता येत नाही. मी चार दिवसांची पाहुणी, मला करता आली. आणि वीस वर्षे त्या गावची बस चालवणाऱ्याला नाही. मी चुटपुटत राहिले. ते हसून म्हणाले, "आपा, मला त्याची हौस नाही. लहानपणी तो आवाज पुष्कळ ऐकलाय. रविवारी मैदानावरून आवाज आला की मी मुलांना घेऊन धबधब्यावर जातो. तिथे दुसरे काही ऐकू येत नाही."

निघायच्या आदल्या दिवशी मीही धबधब्यावर गेले. एकाच गावात ते आजोबा राहतात आणि हे बसचालकही. एकासाठी पिस्तूल म्हणजे वडिलांची आठवण, दुसऱ्यासाठी तोच आवाज म्हणजे जळलेले गाव. दोघेही सज्जन, दोघेही खरे.

तो कागद मी बॅगेत घातला होता. रात्री पुन्हा बाहेर काढला. विमानतळावर कुणी विचारले तर काय सांगू, या विचाराने झोप येईना. शेवटी भावाच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर लावून आले. पाचपैकी तीन. भाचा रोज शाळेला जाताना तो पाहतो म्हणे, आणि मित्रांना सांगतो, "हे माझ्या फुप्पीचे."

शाळा सुरू झाली. सातवीच्या वर्गात एका मुलाने बोटांचे पिस्तूल करून शेजारच्यावर रोखले. एरवी मी ओरडले असते. या वेळी त्याला जवळ बोलावले आणि वर्गाला त्या आजोबांची गोष्ट सांगितली. देणाऱ्याने पाहायचे, घेणाऱ्यानेही पाहायचे. मुले शांत ऐकत होती. मग एकीने विचारले, "मॅडम, तुम्ही पण चालवलं का? फोटो दाखवा ना!"

"फोटो काढला नाही गं," मी म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

अल्लाह करो, या मुलांच्या वाट्याला असे दिवस येवोत की त्यांना आपल्या आनंदाचा फोटो लपवावा लागू नये. आमीन.