अर्धवट आंबलेलं

कारेगावात सफरचंद पिकत नाही. आमच्याकडे ऊस, कांदा, थोडी डाळिंबं आणि रांजणगावची एमआयडीसी आल्यापासून भाड्याच्या खोल्या. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या मार्केट यार्डात काश्मीरचा माल उतरतो, तेव्हा डागी सफरचंदं मातीमोल मिळतात. कांदा खाली करून गाडी रिकामी परतत होती, म्हणून एक क्रेट घेतला. दुकानात ॲपल सायडर व्हिनेगरच्या एवढ्याशा बाटलीचा भाव मी पाहिला होता. म्हटलं, घरीच करू.

सफरचंदं किसून फडक्यातून पिळली. रस थोडा निघाला, म्हणून त्यात जवळजवळ तेवढंच पाणी ओतलं. काचेच्या बाटल्यांत भरून झाकणं घट्ट लावली. त्यातली एक रात्री माजघरात फुटली आणि काचा पार देवळीपर्यंत उडाल्या. तिथे कुणी निजलेलं नव्हतं, एवढंच. मग उरलेला रस चिनी मातीच्या बरणीत ओतून वर फडकं बांधलं.

रस फसफसला, मग शांत झाला. चाखला तर आंबट. मी समजलो, झालं.

आईचे गुडघे दुखायचे. व्हिनेगरने आराम पडतो असं कुणीतरी सांगितलेलं. मी रोज सकाळी पाण्यात दोन चमचे घालून तिला द्यायला लागलो. आई माळकरी. घरात अंडंसुद्धा येऊ देत नव्हती. पेला हातात घेऊन ती एकदा म्हणालीही, "वास उग्र आहे रे." मी म्हणालो, "औषध आहे, घे."

दिवाळीला कृषी महाविद्यालयात शिकणारा भाचा आला. त्याने फडकं सोडून वास घेतला. म्हणाला, "मामा, हे अजून व्हिनेगर झालेलं नाही. यात दारू आहे."

मग त्याने समजावून सांगितलं. रसातल्या साखरेची आधी दारू होते. ते काम यीस्टचं, आणि त्यात वायू सुटतो. बाटली फुटली ती त्यानेच. इतपत झालेल्या रसालाच सायडर म्हणतात. इंग्लंडमध्ये, नॉर्मंडीत शेतकरी तो पिढ्यान्‌पिढ्या करतात आणि पितात. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय करता येत नाही. पुढे वेगळे जिवाणू त्या दारूचं आम्ल करतात. त्यांना मोकळी हवा लागते आणि वेळही, कधी कधी दोन-तीन महिने. आंबट लागायला मात्र बरंच आधी लागतं. मी तिथेच थांबलो होतो.

आई उंबऱ्यात बसून ऐकत होती. तिने विचारलं, "बरणीत काय होतं ते तुला ठाऊक होतं का?"

"नव्हतं."

"मग मला का दिलंस?"

ती रागावून बोलली असती तर मला काही बोलता आलं असतं. कार्तिकात ती आळंदीला गेली, इंद्रायणीत स्नान केलं आणि माळ पुन्हा घालून घेतली. मी बरोबर येतो म्हणालो, तर नको म्हणाली.

बरणी मी तशीच ठेवली होती. पण पाणी घातल्यामुळे साखर निम्मी आणि साखर निम्मी म्हणून आम्लही निम्मं. विकायच्या व्हिनेगरमध्ये निदान 3.75 टक्के आम्ल असावं लागतं. माझं तिथवर पोचलंच नसणार, कारण त्यात मुरवलेल्या मिरच्यांवर बुरा आला. सगळ्या उकिरड्यावर गेल्या.

अजूनही मी करतो. रसात पाणी घालत नाही, बरणीवर तारीख लिहितो, दारूचा वास पुरता गेल्यावरही महिनाभर हात लावत नाही. तरी तयार व्हिनेगरमध्येही दारूचा किंचित अंश राहू शकतो. म्हणून आईच्या मिरच्या लिंबाच्या रसात वेगळ्या घालतो.