५१२ एमबीचं दार

आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्या मी ती असताना रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. ४० फाइली, सगळ्या लॅपटॉपवर. लिनक्स मिंट वापरायला लागून मला वर्षही झालं नव्हतं. एका रविवारी आवराआवरीची लहर आली. जीपार्टेडमध्ये डिस्कचे कप्पे, म्हणजे पार्टिशनं, पाहिली. पहिलंच ५१२ एमबीचं, फॅट३२ प्रकारचं, त्यात जेमतेम ६ एमबी भरलेले. जुन्या विंडोजची अडगळ असणार, असं मी परस्पर ठरवलं आणि ते अनमाउंट करून फॉरमॅट केलं. खात्री आहे का, असं प्रोग्रॅमने विचारलं होतं. मी ते न वाचताच हो म्हटलं.

सोमवारी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: बूट करण्याजोगं काही सापडलं नाही. आईचा आवाज गेला, या विचाराने माझे हातपाय गळाले. भाचीला फोन लावला. तिचं कामच हे. "मामा, रडू नकोस. ओव्या दुसऱ्या पार्टिशनमध्ये आहेत. तू दार उखडलंयस, घर शाबूत आहे." मग तिने समजावलं. मशीन सुरू होताच आधी जागं होतं ते मदरबोर्डवरचं यूईएफआय. त्याला लिनक्सचं एक्स्ट४ पार्टिशन सहसा वाचता येत नाही, फॅट मात्र येतं. म्हणून लिनक्सला उठवणारा बूटलोडर, म्हणजे ग्रब, त्याची पहिली फाइल त्या छोट्या ईएफआय पार्टिशनमध्ये असते. ते ६ एमबी तेच होते.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केलं. मोठं पार्टिशन उघडलं आणि ४० च्या ४० फाइली दिसल्या. आधी त्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवल्या, मग दुरुस्तीला बसलो. ईएफआय-बूट-मॅनेजर नावाची आज्ञा दिली, तर उत्तर आलं की या यंत्रणेत ईएफआयची सोयच नाही. "मामा, पेनड्राइव्ह निवडताना यादीत त्याचं नाव दोनदा होतं का?" होतं. एकामागे यूईएफआय लिहिलेलं, एक नुसतं. मी नुसतं निवडलं होतं, म्हणजे जुन्या बायोसच्या पद्धतीने आत शिरलो होतो.

पुन्हा सुरू केलं, या वेळी योग्य नावाने. आता सीएचरूट करायचं होतं, म्हणजे पेनड्राइव्हवर उभं राहून डिस्कवरच्या मिंटच्या अंगात शिरायचं. त्यासाठी मोठं पार्टिशन एमएनटी या फोल्डरला जोडलं. डेव्ह, प्रोक आणि सिस हेही आतल्या सगळ्यासकट जोडले. मग ग्रब-इन्स्टॉल. ईएफआय डिरेक्टरी सापडत नाही, असं तो म्हणाला. मी तीच आज्ञा चार वेळा दिली. ज्या छोट्या पार्टिशनसाठी हा सगळा खटाटोप, तेच जोडायचं राहिलं होतं.

ते जोडल्यावर, काही चूक नाही, अशी ओळ आली. पार्टिशनमध्ये उबुंटू नावाचं फोल्डर दिसलं तेव्हा पुन्हा धसका बसला. पण मिंट उबुंटूवर बेतलेलं आहे आणि बूटलोडर त्याच नावाने नांदतो. लॅपटॉप रीस्टार्ट केला. मिंटचं चिन्ह आलं, मग एक ओळ, मागे सेकंद मोजणारा आकडा. दीड मिनिट. आणि इमर्जन्सी मोड.

कारण फॉरमॅट केल्याने पार्टिशनची ओळखखूण, यूयूआयडी, बदलली होती. मिंट एफएस-टॅब या फाइलीत लिहिलेली जुनी खूण शोधत बसलं होतं. फॅटची खूण छोटी, आठच अक्षरं आणि मध्ये रेघ. बीएलकेआयडी या आज्ञेने नवी खूण मिळवली, कागदावर उतरवली आणि एकेक अक्षर बोट ठेवून टाइप केलं. बी आणि ८ यांत मी एकदा चुकलोच.

रात्री सव्वाअकराला मिंट उघडलं. पहिली फाइल लावली. आधी जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज, आणि ओवीच्या आधी आई मला विचारते, "चालू झालं का रे?"