सुवर्णपदक आणि पंचवीस आठवडे

संत तुकाराम नगरात रिक्षावाल्याला नुसतं 'अत्रे' म्हटलं तरी पुरतं. तो बरोबर आचार्य अत्रे रंगमंदिराशी आणून सोडतो. आमच्या इथल्या निम्म्या पोरांना अत्रे म्हणजे इमारत वाटते, माणूस नाही. परवा भाचीला सांगितलं, की अगं, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या यादीत पहिलं नाव या माणसाच्या सिनेमाचं आहे. तिला खरंच वाटेना.

'श्यामची आई' १९५३ चा. १९५४ साली सरकारने पहिल्यांदाच हे पुरस्कार दिले, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक अत्र्यांच्या या मराठी सिनेमाला गेलं. (योगायोग बघा, आपल्या पिंपरीतली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सही १९५४ चीच!) पुढे मराठीला तो मान परत मिळायला २००४ उजाडलं, 'श्वास'च्या वेळी. पन्नास वर्षं! मग 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव' त्यामानाने पटापट आले. 'श्वास' ऑस्करला निघाला तेव्हा तिकडच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली होती, आठवतं का? मला तर पदकापेक्षा ती वर्गणीच जास्त आवडली होती.

आमच्या घरात मात्र या बाबतीत दोन पक्ष होते. आई 'श्यामची आई' पक्षाची. शाळेने दाखवलेला सिनेमा, वनमालाबाई आणि अख्ख्या वर्गाचं रडणं ती अजून सांगते. आप्पा दादा कोंडके पक्षाचे. दादांचं मूळ भोरकडचं, आप्पाही भोर तालुक्यातले, म्हणजे 'आपला माणूस'. फर्स्ट शिफ्ट सुटली की ते सायकल घेऊन परस्पर थेटरात. एकटेच. कारण "असले सिनेमे पोरांना दाखवायचे नाहीत" हा आईचा कायदा होता, आणि ती स्वतः यायचा तर प्रश्नच नव्हता.

दादांना कुठलं सुवर्णपदक नाही मिळालं. पण १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून ओळीने नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी, आणि त्यासाठी गिनीज बुकात नाव. रौप्यमहोत्सव म्हणजे पंचवीस आठवडे. नऊ गुणिले पंचवीस, सव्वादोनशे आठवडे, चार वर्षांच्या वर झाले की हो! तिकडे हॉलिवुडात 'बेन हर', 'टायटॅनिक' आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा तिसरा भाग यांची प्रत्येकी अकरा ऑस्कर आहेत. पण ती मतं त्या धंद्यातल्याच लोकांची. दादांना मत द्यायचं तर खिशातून तिकिटाचे पैसे काढावे लागत, आणि आप्पांच्या बाबतीत ते पैसे ओव्हरटाइमचे असत. आप्पा हे असं बोलून दाखवायचे नाहीत. आईने "त्याला काय बक्षीस मिळालं?" म्हटलं, की फक्त "हाउसफुल" एवढंच म्हणून पान लावायला घ्यायचे.

द्व्यर्थी संवादांबद्दल आईचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. शेवटचे काही सिनेमे मलाही बघवत नाहीत. पण दादांचं टायमिंग! ते कुठल्या ज्युरीने मोजलं असतं कोण जाणे.

आप्पा गेल्यानंतरच्या दिवाळीत टीव्हीवर 'पांडू हवालदार' लागला होता. मी चॅनेल बदलायला गेले, तर आई म्हणाली, राहू दे. मान खाली घालून वाती वळत बसली. दादा आणि अशोक सराफ समोरासमोर आले तशी तिची मान वर झाली, आणि मग हसायला लागली ती थांबेचना. पदराने डोळे पुसले. "एवढं काही वाईट नव्हतं गं," म्हणाली. मग जरा वेळाने, "ह्यांनी एकदा तरी चल म्हणून जोर करायचा होता."

मी काही बोलले नाही. जाहिराती लागल्या, तेव्हा तिने वातींचं ताट बाजूला सरकवलं आणि विचारलं, "ते बाकीचे आठ कुठे बघायला मिळतील?"