पावसातली काँटेसा

वार्तापत्राच्या पावसाळी अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असे संपादिका बाईंनी सांगितले तेव्हा मला ना मेघ आठवले, ना भजी. आठवली ती आमची जुनी काँटेसा आणि २००४ सालच्या जून महिन्यातली एक संध्याकाळ. ही हकिकत मी पुष्कळांना सांगितली आहे, पण पूर्ण खरी कधीच सांगितली नाही.

आपल्या शाळेतल्या मुलांनी काँटेसा कदाचित पाहिलीही नसेल. हिंदुस्तान मोटर्सच्या या लांबलचक गाडीचे उत्पादन २००२ मध्ये बंद झाले. माझी सेकंडहँड होती, इसुझूच्या १८०० सीसी पेट्रोल इंजिनाची. हे इंजिन आपल्या इंदूरजवळच्या पिथमपूरला तयार होत असे, याचा मला उगाचच अभिमान वाटे. ताकद मारुती ८०० च्या दुपटीहून जास्त. शिवाय मारुतीत इंजिन पुढची चाके फिरवते, काँटेसात मागची. त्याआधी आठ वर्षे मी मारुतीच चालवलेली. गाडी बदलली, चालवण्याची सवय मात्र जुनीच राहिली.

त्या दिवशी रायसेनहून आनंद नगरला परत येत होतो. मागच्या सीटवर आई आणि माझी सात वर्षांची मुलगी. पहिलाच पाऊस, तोही रिमझिम. रस्त्यावर महिनोन् महिने साठलेली धूळ आणि सांडलेले तेल अशा पावसात वर येते आणि साबणासारखा लेप तयार होतो. धो धो पावसात ते वाहून तरी जाते. त्यात आपल्याकडची काळी माती. शेतातून निघालेले ट्रॅक्टर ती चाकांबरोबर डांबरावर आणून सोडतात.

बिलखिरियाच्या अलीकडे एक वळण आले. वेग साठच्या आसपास असेल. वळण वाटले त्यापेक्षा जास्त होते म्हणून मी गडबडीने एकदम खालचा गिअर टाकला आणि क्लच झटक्यात सोडला. क्षणात गाडीचे मागचे अंग डावीकडे सरकले. घाबरून मी ब्रेकवर उभाच राहिलो. मग माझ्या हातात काही उरले नाही. गाडी गोल फिरली, रस्ता सोडून शेताच्या कडेला चिखलात थांबली आणि समोरून येत असलेला ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. सगळे शांत झाल्यावर मुलीने विचारले, "बाबा, आपण परत रायसेनला चाललोय का?" गाडीचे तोंड खरोखरच रायसेनकडे झाले होते.

कुणाला खरचटलेही नाही. आई मात्र त्यानंतर पावसाळ्यात माझ्या गाडीत बसली नाही. "तू जा रे, मी रिक्षाने येते," एवढेच म्हणायची. मी सर्वांना सांगत राहिलो, ट्रॅक्टरची माती होती, काय करणार!

दुसऱ्या दिवशी गाडी धुवायला आणि तपासायला नेली. म्हाताऱ्या मिस्त्रींनी इंजिनाकडे पाहिलेच नाही. ते मागे जाऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, "साब, नये टायर आगे किसने लगवाये?"

मीच लावले होते. चार घ्यायला पैसे नव्हते म्हणून दोन घेतले आणि स्टिअरिंग पुढे असते तर नवे पुढेच हवेत, असा हिशेब केला. मागचे जवळजवळ गुळगुळीत. मिस्त्रींनी समजावले ते असे. पुढची चाके घसरली तर गाडी वळत नाही, सरळ जायला बघते. हाताला ते कळते, पाय हलका केला की बहुधा पकड परत येते. मागची घसरली तर गाडीचे शेपूट पुढे यायला बघते आणि ते सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. म्हणून दोनच नवे असतील तर ते मागे, गाडी कोणतीही असो.

विद्यार्थ्यांसाठी थोडे विज्ञान. टायर रस्त्याला टेकतो तो भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. त्याची पकड म्हणजे ठरलेला पगार समजा. वळणे, थांबणे, ढकलणे, सगळा खर्च त्यातूनच, आणि पावसात पगारच कमी होतो. माझ्या मागच्या चाकांचा पगार वळण्यात संपत आला होता, त्यात गिअरचा झटका आणि वर ब्रेक. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वळणात पाय हळू, ॲक्सिलरेटर दाबतानाही आणि सोडतानाही. तरीही मागचे अंग सरकलेच तर ब्रेक न दाबता ते ज्या बाजूला सरकते आहे त्याच बाजूला स्टिअरिंग थोडे फिरवायचे आणि नजर जिकडे जायचे आहे तिकडे ठेवायची. लिहायला सोपे आहे. त्या दिवशी माझ्याजवळ एक सेकंदही नव्हता.

मुलगी आता नोकरी करते. यंदा तिने स्कॉर्पिओ घेतली, जुनी, पण दणकट. तीही मागच्या चाकांवर चालणारी. "बाबा, हिच्यात एबीएस आहे," ती म्हणाली. २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या कारमध्ये ते सक्तीचे आहे आणि चांगलेच आहे. ब्रेक लावल्यावर चाके जाम होत नाहीत. पण गुळगुळीत टायरला खाचा काही ते पाडून देत नाही. कायद्याने खाच किमान १.६ मिलिमीटर खोल लागते. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायर त्यांच्या पातळीला आला की संपला. मी म्हणतो, पावसाळ्याआधी त्याहून बरेच लवकर बदलावा.

पाऊस सुरू होण्यापूर्वी आम्ही दोघे टायरच्या दुकानात गेलो. रांगेत बसल्या बसल्या मी तिला नव्या टायरांची गोष्ट सांगितली. तिला ट्रकचा हॉर्न आठवत होता. "म्हणजे माती नव्हती?" तिने विचारले. होती, पण माझ्या आधी आणि नंतरही तिथून गाड्या गेल्याच ना, मी म्हणालो. ती काही बोलली नाही. आमचा नंबर आल्यावर उठली आणि दुकानदाराला म्हणाली, "चारों बदल दीजिए."

— एक पालक, आनंद नगर, भोपाळ