आमचे डॉक्टर

मराठीच्या प्राध्यापकाला विभक्तीचे वेड असते, असे आमच्या घरात मानले जाते, आणि ते अगदीच खोटे नाही. परवा वडिलांच्या औषधांचे कागद लावीत बसलो असताना माझ्या ध्यानात आले, की आपले बहुतेक डॉक्टर षष्ठी विभक्तीत राहतात. हाडांचे डॉक्टर, डोळ्यांचे डॉक्टर, हृदयाचे, दातांचे, कानाचे! फक्त एकाच डॉक्टरांना कोणताही अवयव चिकटत नाही. त्यांना आम्ही 'आमचे डॉक्टर' म्हणतो. षष्ठी तिथेही आहेच. पण ती सबंध घराची.

आमच्या डॉक्टरांचा दवाखाना पुण्यात, पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. बाहेर एक लाकडी बाक. माझ्या लहानपणी औषधाची बाटली घरून न्यावी लागे. कंपाउंडर खिडकीतून ती गुलाबी औषधाने भरून देत आणि वर कातरलेली कागदाची पट्टी चिकटवीत. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. आईचे डोके दुखू लागले, की डॉक्टर नाडी धरून विचारीत, "वहिनी, आत्याबाई कधी आल्या?" आत्या आल्या असतील तर दोन गोळ्या आणि धीर, नसतील तर मात्र नीट तपासणी. हे निदान कोणत्या ग्रंथात सापडणार?

पण मी शिकलो, नोकरीला लागलो, आणि मला शहाणपण आले. दोन वर्षांपूर्वी वडिलांचा रक्तदाब वाढला तेव्हा मोठ्या वयाला मोठेच डॉक्टर हवेत असे ठरवून मी त्यांना परस्पर एका मोठ्या रुग्णालयात नेले. तिथे एक गोळी मिळाली. पुढे चक्कर आली म्हणून दुसऱ्या तज्ज्ञांकडे गेलो, त्यांनी आणखी एक दिली. मग पाय सुजले. तिसऱ्या तज्ज्ञांनी मूत्रपिंडाच्या तपासण्या केल्या. त्या निर्दोष निघाल्या, तरी सूज उतरावी म्हणून लघवी जास्त होण्याची गोळी सुरू झाली. वडील रात्री तीन-तीनदा उठू लागले, आणि एका रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडले. मनगट मोडले.

प्लॅस्टरमधला हात छातीशी धरून वडील म्हणाले, "आता तरी आपल्या डॉक्टरांना बोलाव."

मला फार लाज वाटली. पण सत्तरी ओलांडलेले डॉक्टर दोन जिने चढून आले आणि टोमणा म्हणून मारला नाही. म्हणाले, "घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आण." पिशवी त्यांनी खाटेवर रिकामी केली आणि चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत औषध एकच होते, अम्लोडिपीन. म्हणजे दुप्पट मात्रा. या औषधाने काही जणांचे पाय सुजतात, आणि मात्रा वाढली की सूजही वाढते. ती सूज नवा रोग समजली गेली, तिच्यासाठी नवी गोळी आली, आणि त्या गोळीने वडिलांना रात्रीचे उठवले.

"नाना," डॉक्टर म्हणाले, "तुमचा आजार एकच. बाकीचे आम्ही दिले."

'त्यांनी' नव्हे, 'आम्ही'. सर्वनामाचा असा उपयोग मी वर्गात कधी शिकवलेला नव्हता. आमच्यासमोरच त्यांनी त्या तज्ज्ञांना फोन केले आणि मगच औषधे बदलली. मला बजावले, "आपल्या मनाने कोणतीही गोळी बंद करायची नाही हं!" तीन आठवड्यांत सूज ओसरली.

तज्ज्ञ चुकले असे मी म्हणणार नाही. प्रत्येकाने आपापल्या पानावर बरोबर उत्तर लिहिले होते. सगळी वही मात्र कोणी पाहिली नव्हती. ज्यांच्याकडे ती वही होती, त्यांना मीच दूर ठेवले होते.

पुढे संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसू लागलो. एकदा विचारले, "डॉक्टर, या खुर्चीवर पुढे कोण?" ते हसले. त्यांची मुलगीही डॉक्टर, पण शस्त्रक्रियातज्ज्ञ. मग ते बोलत राहिले. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात 'सामाजिक वैद्य' कल्पिला होता. नुसता रोग बरा करणारा नव्हे, तर लोकांना निरोगी राखणारा. १९६३ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनने सामान्य व्यावसायिकांसाठी वेगळे कॉलेज काढले, या डॉक्टरांचा अभ्यास चालू राहावा म्हणून. आमचे डॉक्टर अजूनही वही घेऊन व्याख्यानांना जातात. इंग्लंडात १९४८ पासून लोकांची नावे अशा डॉक्टरांकडे नोंदवली जातात, आणि तज्ज्ञाकडे जायचे ते एरवी त्यांच्या चिठ्ठीने. आपल्याकडेही 'फॅमिली मेडिसिन' या विषयात पदव्युत्तर शिक्षण मिळते. पण फार थोड्या ठिकाणी.

"आणि नॉर्वेचे ऐक," ते म्हणाले. तिथे सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०२२ साली तो अभ्यास छापून आला. पंधरा वर्षांहून अधिक काळ एकच डॉक्टर असलेल्यांत, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या मानाने, मृत्यूची शक्यता सुमारे २५ टक्के कमी आढळली. रुग्णालयात तातडीने दाखल होण्याची वेळही कमी आली. "यावरून कारण सिद्ध होत नाही," त्यांनी लगेच पुस्ती जोडली, "पण विचार करावा असे आहे." २०१० पासून १९ मे हा जागतिक फॅमिली डॉक्टर दिन पाळतात, हेही त्यांनीच सांगितले. "पण मला दिवस नको रे," ते म्हणाले, "वारस हवा."

या दसऱ्याला दवाखाना बंद झाला. ज्या घरांची कागदपत्रे पत्र्याच्या पेटीत होती, त्यांना डॉक्टरांनी एकेक करून बोलावले. आमचे पिवळे पडलेले कार्ड माझ्या हाती देत म्हणाले, "तरुण डॉक्टर शोध. आणि एकदा शोधलास की बदलू नकोस."

दोन गल्ल्या पलीकडे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दवाखाना थाटला आहे. याच विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या. कोणी आजारी नसताना आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो, गोळ्यांची पिशवी आणि कार्ड घेऊन. त्यांनी गोळ्या पाहून यादी केली. मग कार्ड पहिल्या ओळीपासून शांतपणे वाचले. एका ठिकाणी त्या थांबल्या आणि आईकडे पाहून म्हणाल्या, "आजी, इथे समासात 'आत्या' असे लिहिले आहे. हे काय?"

आई इतकी हसली, की तिच्या डोळ्यांना पाणी आले. मग तिने सगळे सांगितले, आणि बाईंनी ते आपल्या नव्या कार्डावर उतरून घेतले.

परतताना जिना उतरता उतरता सौ. म्हणाली, "अहो, आपल्या डॉक्टरांनी पुढच्या वेळी कधी बोलावलंय?"

मी तारीख सांगितली. विभक्तीविषयी काही बोललो नाही.