अरुणावतीच्या काठावर

दिग्रसहून अरुणावती धरणाकडे निघालं की दिवाळीच्या सुमारास दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस दिसतो आणि मग एकदम पाणी. माझे अब्बा सुट्टीच्या दिवशी याच पाण्यावर बांबूची काठी घेऊन बसायचे. यंदा रमजानच्या आधी त्यांचा इंतकाल झाला. तेव्हापासून माझा चौदा वर्षांचा मुलगा गप्पगप्पच होता. एक दिवस तोच म्हणाला, "अब्बू, दादांसारखं मासे धरायला जाऊ या?"

मी लगेच हो म्हटलं. त्यानं मोबाईलवर कॅनडातले लोक गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरताना पाहिले होते. तशीच अडीच फुटांची काठी त्यानं रिळासकट घरपोच मागवली. स्वस्त होती, सुबकही होती. पण धरणावर तिचा काही उपयोग झाला नाही. बर्फावर मासा पायाखाली असतो, दोरा सरळ खाली सोडायचा, म्हणून आखूड काठी चालते. आपल्याकडे काठ उतरता आणि खोल पाणी लांब. गळ दूर फेकावा लागतो. पोराचा चेहरा पडला.

पुढच्या रविवारी आम्ही यवतमाळच्या बाजारात गेलो. हजार-बाराशेच्या आत बसवायचं होतं. दुकानदार जाणता निघाला. त्यानं सांगितलेलं इथं देतो, कुणाच्या तरी कामी येईल.

काठी सात-आठ फुटांची, दोन तुकड्यांची, फायबरची घ्यावी. कार्बनची हलकी असते, पण महाग, आणि आपटली तर तडकते. एकात एक सरकणारी काठी नेण्याला सोयीची, पण तिच्या सांध्यांत वाळू अडकते. काठीच्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवून पाहावा. तंतू अडकले तर कडं खडबडीत आहे, ते दोरा कापणार. रिळाची मूठ डगमगू नये. रिळावरची चक्री सैल-घट्ट करून पाहावी. मोठा मासा ओढू लागला की दोरा तुटण्याऐवजी थोडा सुटला पाहिजे. सोबत मिळणारा दोरा बहुधा कच्चा असतो. पैसे वाचवायचेच तर काठीत वाचवावेत, तंगूस आणि गळ मात्र चांगले घ्यावेत.

घरी येताना मुलाला एक गोष्ट सांगितली. धरणातले मासे बेवारस नसतात. मच्छीमार संस्था ठेका घेते, बोटुकली सोडते. त्यावर भोई बांधवांची घरं चालतात. मासळीला जबह लागत नाही, पण हक्कुल इबाद तिथंही आहेच. म्हणून आधी संस्थेच्या माणसाला भेटलो. त्यानं जागा दाखवली आणि पावसाळ्यात, अंडी घालायच्या दिवसांत येऊ नका, एवढंच बजावलं.

कणकेच्या गोळ्या लावून बसलो. असरपर्यंत काही नाही. वुजू करून काठावरच नमाज पढलो. मगरिबला थोडा वेळ असताना काठी वाकली. चक्री कर्रकर्र फिरली, दोरा सुटला, पण तुटला नाही. किलोभराचा रोहू होता.

रात्री दस्तरखानावर मुलगा दादीला म्हणाला, "डोकं दादांना आवडायचं ना? आज तुम्ही घ्या." अम्मीनं डोळे पुसले आणि अब्बांच्या बांबूच्या काठीची गोष्ट सांगायला घेतली. मुलगा कितीतरी दिवसांनी प्रश्न विचारत बसला होता.

ती आखूड काठी अजून घरात आहे. धाकटी तिनं अंगणात मासे धरते.